जाड लिफाफा आणि वहीचे पान

वाचकाचे पत्र

आदरणीय महोदय,

मी एक लहान पाक्षिक चालवते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कारभारावर लेख छापला. ग्रंथालयाचे अध्यक्ष लोकनियुक्त प्रतिनिधीही आहेत. लेखात मुख्यतः तीन विधाने होती. पहिले, इमारत निधीच्या जमाखर्चाचा मेळ लागत नाही आणि अध्यक्ष त्यावर उत्तर देत नाहीत. हे आम्ही लेखापरीक्षकाच्या अहवालावरून लिहिले. दुसरे, ‘ज्याने सख्ख्या भावाला घराच्या वाटणीत फसवले, त्याच्या हाती लोकांचा पैसा कसा सोपवायचा?’ तिसरे, ग्रंथालयाच्या लिपिकाचाही या व्यवहारात हात असल्याची सभासदांत चर्चा आहे. लिपिकाचे नाव आम्ही दिले होते. आता अध्यक्षांच्या वकिलांची आठ पानी नोटीस आली असून तीत मोठी भरपाई आणि फौजदारी फिर्याद अशी दोन्हींची भाषा आहे. आठ दिवसांत बिनशर्त माफी छापली नाही, तर पोलीस आम्हाला अटक करतील, असा निरोपही मिळाला आहे. लिपिकानेही वहीच्या पानावर हाताने लिहिलेले एक पत्र पाठवले आहे; त्याला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. माझे सहकारी म्हणतात की, टीका सार्वजनिक व्यक्तीवर असेल तर द्वेष तिलाच सिद्ध करावा लागतो, आणि लिपिकही आता सर्वांच्या तोंडी झाल्यामुळे तोही सार्वजनिक व्यक्तीच ठरतो. हे खरे आहे का? मी काय करावे?

— एक संपादक

उत्तर

संपादक महोदया,

सविनय नमस्कार. आपले पत्र, सोबतचे लेखाचे कात्रण, लेखापरीक्षकाचा अहवाल, नोटिशीला द्यायच्या उत्तराचा आपला मसुदा आणि आपल्याला आलेले दोन्ही कागद मी सावकाश वाचले. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे म्हणणे तिच्याशी बांधलेले आहे. अध्यक्षांच्या नोटिशीची पाने आपण मोजली आहेत, तीतल्या मागणीने आपली झोप उडालेली दिसते, आणि लिपिकाचे पत्र मात्र आपण एका वाक्यात उरकले आहे. कायद्याच्या दृष्टीने आपल्या लेखातले सर्वांत कच्चे विधान लिपिकाविषयीचे आहे, त्याखालोखाल कच्चे भावाविषयीचे आहे, आणि ज्याच्यामुळे आठ पानी नोटीस आली ते निधीविषयीचे विधान तिन्हींत सर्वांत भक्कम आहे. जाड लिफाफ्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, पण दावा किती दमदार आहे हे लिफाफ्याच्या वजनावरून कळत नाही.

आपल्या सहकाऱ्यांनी ऐकलेली गोष्ट खरी आहे, मात्र ती अमेरिकेची आहे. २९ मार्च १९६० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीसाठी मदतीचे आवाहन करणारी पानभर जाहिरात प्रसिद्ध झाली. तीत काही तपशील चुकले होते. किंग यांना चार वेळा अटक झाली असताना सात वेळा झाल्याचे छापले गेले, आणि निदर्शक विद्यार्थ्यांनी कोणते गीत म्हटले तेही चुकले. अलाबामातील माँटगोमेरी शहराचे आयुक्त एल. बी. सुलिव्हन यांचे नाव जाहिरातीत कुठेच नव्हते. तरीही पोलिसांवरचा आरोप म्हणजे पोलीस ज्याच्या देखरेखीखाली आहेत त्या आपल्यावरचाच आरोप, असे म्हणून त्यांनी दावा लावला आणि ज्यूरीने त्यांना ५ लाख डॉलर मंजूर केले. ९ मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी नियम घालून दिला तो असा की, सार्वजनिक अधिकाऱ्याला आपल्या अधिकृत वर्तनाविषयीच्या खोट्या मजकुराबद्दल भरपाई हवी असेल, तर तो खोटा आहे हे ठाऊक असताना, किंवा तो खरा की खोटा याची काडीचीही पर्वा न करता छापला गेला, हे त्याला खात्रीलायक पुराव्याने दाखवावे लागेल.

या कसोटीला तिकडे ‘ॲक्च्युअल मॅलिस’ म्हणतात आणि मराठीत तिचे भाषांतर ‘द्वेष’ असे होत गेल्याने मोठा घोटाळा झाला आहे. तिचा मनातल्या आकसाशी संबंध नाही. एखादा संपादक अध्यक्षांचा मनापासून तिरस्कार करत असेल, पण कागद तपासून लिहीत असेल, तर या कसोटीवर तो सुटतो. आणि अध्यक्षांविषयी मनात अढी नसलेला दुसरा संपादक, मजकुराच्या खरेपणाबद्दल स्वतःलाच गंभीर शंका असताना तो छापत असेल, तर अडकतो. तेव्हा ‘आमचा अध्यक्षांशी वैयक्तिक वाद नाही’ हे जे वाक्य आपण नोटिशीच्या उत्तराच्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदात घातले आहे, त्याचा उपयोग आपल्याला वाटतो तेवढा नाही. त्याच्या जागी आपण काय तपासले आणि केव्हा तपासले, ते यावे.

१९६७ मध्ये ही ढाल अधिकाऱ्यांच्या पलीकडे, इतर प्रसिद्ध व्यक्तींवरील लिखाणालाही मिळाली. पण ज्या खटल्यात ती मिळाली त्याच खटल्यात ती मोडलीही. वॉली बट्स हे जॉर्जिया विद्यापीठाचे क्रीडासंचालक होते. फुटबॉलचा एक सामना ठरवून हरण्याचा कट त्यांनी केला, असे एका साप्ताहिकाने छापले, आणि त्याचा आधार काय, तर चुकून जुळलेल्या फोनवर आपण त्यांचे संभाषण ऐकले असे सांगणारा एक माणूस. त्याची टिपणे साप्ताहिकाने पाहिली नव्हती आणि खेळ जाणणाऱ्या कुणाकडून सामन्याची छाननीही करून घेतली नव्हती. बातमी दुसऱ्याच दिवशी शिळी होणार होती अशीही स्थिती नव्हती. बट्स प्रसिद्ध होते आणि तरीही ते जिंकले. माणूस कितीही मोठा असला, तरी बेपर्वाईला मुभा नाही.

आता लिपिकाकडे येतो, कारण खासगी व्यक्तीच्या बाबतीत अमेरिकी न्यायालयाने १९७४ मध्ये जे सांगितले ते आपण वाचायलाच हवे. एल्मर गर्ट्झ हे शिकागोतले वकील. पोलिसाच्या गोळीने मेलेल्या एका तरुणाच्या कुटुंबाची बाजू त्यांनी घेतली, तेव्हा एका मासिकाने त्यांना लेनिनवादी ठरवले आणि पोलीस दलाची बदनामी करण्याच्या कटातले म्हटले. गर्ट्झ आपल्या वर्तुळात नावाजलेले होते, त्यांनी पुस्तके लिहिली होती, अनेक संस्थांत काम केले होते. तरीही न्यायालयाने त्यांना खासगी व्यक्तीच मानले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी दोन कारणे दिली. एक, प्रसिद्ध माणसाला उलट उत्तर देण्याची साधने हाताशी असतात, साध्या माणसाला नसतात. दोन, प्रसिद्ध माणूस बहुधा स्वतःहून उजेडात आलेला असतो आणि उजेडाबरोबर येणारी धग त्याने पत्करलेली असते. म्हणून खासगी व्यक्तीला संरक्षण देताना प्रत्येक राज्य आपली कसोटी ठरवू शकते, छापणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवणेही पुरेसे धरू शकते. मात्र छापणाऱ्याची कसलीही चूक नसताना त्याच्यावर बोजा टाकता येत नाही, असे ते म्हणाले. पुढे फेरसुनावणीत ज्यूरीने त्या मासिकाची बेपर्वाईसुद्धा सिद्ध धरली आणि गर्ट्झ यांना १ लाख डॉलर भरपाई व ३ लाख डॉलर दंडात्मक भरपाई मिळाली.

दोन कारणांपैकी मला पहिले अधिक वजनदार वाटते. आपल्या अध्यक्षांना उद्या सभा घेऊन आपल्या लेखाची चिरफाड करता येईल, पत्रक काढता येईल, आणि ते छापायला इतर वृत्तपत्रेही पुढे येतील. लिपिकाजवळ वहीचे पान होते. त्याने ते वापरले, आणि ते आपल्या मेजावर उत्तराविना पडून आहे. आज प्रत्येकाच्या हातात फोन असल्याने हा फरक मिटला असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण आरोप वाचलेल्या माणसापर्यंत खुलासा पोचेल याची शाश्वती फोनमुळे येत नाही.

‘लिपिक आता सर्वांच्या तोंडी झाला, म्हणजे तोही सार्वजनिक व्यक्ती’ हा युक्तिवाद तर अमेरिकेतही टिकत नाही, आणि तोसुद्धा एका सिनेटरने केला असताना टिकला नव्हता. विल्यम प्रॉक्समायर हे सिनेटर सरकारी पैशाची उधळपट्टी करणाऱ्यांना उपहासाने ‘गोल्डन फ्लीस’ पुरस्कार जाहीर करत. माकडांच्या वर्तनावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ रोनाल्ड हचिन्सन त्यांच्या तडाख्यात सापडले आणि दावा झाला, तेव्हा सिनेटरांच्या बाजूने सांगण्यात आले की, हचिन्सन तर चर्चेतली व्यक्ती आहेत. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते थोडक्यात असे: चर्चा कुणी पेटवली? बदनामी करणाऱ्याने आपल्याच मजकुराने समोरच्याला प्रसिद्ध करायचे आणि मग त्याच प्रसिद्धीची ढाल पुढे करायची, हे चालणार नाही. आपल्या लिपिकाचे नाव आपल्या लेखाआधी ग्रंथालयाच्या हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक होते? तेव्हा हा मुद्दा आपल्या मसुद्यातून काढून टाका.

इतर देशांनी ही अमेरिकी विभागणी जशीच्या तशी उचललेली नाही, हेही सहकाऱ्यांना सांगावे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांच्या खटल्यात १९९९ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने राजकीय मजकुराला सरसकट वेगळे कवच देण्यास नकार दिला आणि प्रकाशकाने जबाबदारीने काम केले का हे पाहायचे ठरवले. २०१३ च्या तिथल्या कायद्यानेही व्यक्तीच्या प्रसिद्धीपेक्षा विषयातल्या लोकहिताला महत्त्व दिले. कॅनडाने १९९५ मध्ये सुलिव्हनचा नियम स्पष्टपणे नाकारला.

आता आपल्याला लागू असलेल्या भारतीय कायद्याकडे वळतो. आपल्याकडे अब्रुनुकसानी दोन्ही मार्गांनी येते. दिवाणी बाजूला त्यासाठी वेगळा लिखित कायदा नाही, न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेली तत्त्वे आहेत. फौजदारी बाजूला पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५०० होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. व्याख्या आणि अपवाद, म्हणजे कोणता मजकूर अब्रुनुकसानी ठरत नाही ते सांगणारे भाग, जवळपास जुनेच आहेत. या अपवादांकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण त्यांची भाषा १८६० ची आहे, म्हणजे सुलिव्हनच्या निकालापेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुनी, आणि माझ्या मते तीत अमेरिकी विभागणीपेक्षा अधिक नेमकेपणा आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वर्तनाविषयी सद्भावपूर्वक मत मांडता येते. त्याच्या चारित्र्याविषयीही मांडता येते, पण ते चारित्र्य त्या वर्तनातून जेवढे दिसते तेवढ्यापुरते, आणि ‘त्यापलीकडे नाही’. पुढच्याच अपवादात लोकसेवक हा शब्दसुद्धा उरत नाही. कोणतीही व्यक्ती असो, सार्वजनिक प्रश्नाशी निगडित असलेल्या तिच्या वर्तनाबद्दल तीच मुभा आहे आणि तीच मर्यादा आहे. या संहितेला ‘हा माणूस मोठा की लहान’ असे विचारायचे नाही. ‘तुम्ही त्याच्या कोणत्या वर्तनाविषयी लिहिले’ असे तिला विचारायचे आहे, आणि म्हणून रेघ दोन माणसांच्या मधून न जाता एकाच माणसाच्या आयुष्यातून जाते. अध्यक्षांच्या आयुष्यातूनही ती जाते, लिपिकाच्याही.

ही रेघ आपल्या तीन विधानांवर ओढून पाहू.

निधीविषयीचे विधान रेघेच्या अलीकडे सुरक्षित आहे. लोकप्रतिनिधी प्रत्येक कायद्याच्या अर्थाने ‘लोकसेवक’ असतोच असे नाही. आमदार दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अंतुले यांच्या प्रकरणात १९८४ मध्ये म्हटले होते, आणि आपले अध्यक्ष इथे प्रतिनिधी म्हणून वागतच नव्हते, ते संस्थेचे अध्यक्ष म्हणून वागत होते. पण त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. सार्वजनिक प्रश्नाविषयीच्या अपवादाखाली संहितेनेच जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत लोकांचा पाठिंबा मागणाऱ्या संस्थेत सामील होणे हेही आहे. लोकांच्या देणगीवर उभ्या राहणाऱ्या ग्रंथालयाचा इमारत निधी हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि आपल्याजवळ लेखापरीक्षकाचा अहवाल आहे.

तरीही कात्रणात मला दोन भेगा दिसल्या. लेखाचे शीर्षक ‘निधी कोणी खाल्ला?’ असे आहे. ‘मेळ लागत नाही’ हे लेखापरीक्षकाचे म्हणणे, ‘खाल्ला’ हे आपले; आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकल्याने आरोप पातळ होत नाही, वाचक उत्तर घेऊनच पान उलटतो. दुसरी भेग ‘अध्यक्ष उत्तर देत नाहीत’ या शब्दांत आहे. आपण त्यांना लेखी विचारले होते का, किती दिवस दिले होते, हे लेखात कुठेच नाही. एक ई-मेल जरी पाठवला असेल तर तो आजच छापून फाईलला लावा. नुसता फोन केला असेल, तर कुणी, कोणत्या तारखेला, काय विचारले, याचे टिपण आठवणीत आहे तोवर करून ठेवा, आणि त्यावर आजचीच तारीख घाला.

आपले वकील इथे १९९४ चा राजगोपाल निवाडा पुढे करतील, आणि तो करावाही. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या कैद्याच्या आत्मचरित्रात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांची हकिगत होती. ‘नक्कीरन’ या तमिळ नियतकालिकाने ते छापू नये, असा दबाव तुरुंग अधिकाऱ्यांकडून आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ बंदी घालता येणार नाही असे सांगितले. त्याच निवाड्यात सुलिव्हनचा सूर आपल्याकडे आला. सार्वजनिक अधिकाऱ्याला आपल्या अधिकृत कामाविषयीचा मजकूर चुकीचा निघाला एवढ्यावरून भरपाई मिळत नाही, सत्याविषयीची बेपर्वाई दिसली पाहिजे. प्रकाशकाने वाजवी पडताळणी केली होती एवढे दाखवणे पुरेसे आहे. मात्र दोन मर्यादा ध्यानात ठेवा. हा नियम अधिकाऱ्यांच्या कर्तव्याविषयी बोलतो आणि ग्रंथालयाचे अध्यक्षपद त्यात बसते की नाही यावर समोरचे वकील भांडतील. दुसरी मर्यादा अधिक टोचणारी आहे: हा नियम भरपाईच्या दाव्यापुरता आहे. फौजदारी अब्रुनुकसानी सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात घटनेशी सुसंगत ठरवली, आणि तिथे अपवादाचा फायदा घ्यायचा तर ‘सद्भाव’ आपल्याला दाखवावा लागतो. संहितेत सद्भावाचा अर्थ चांगले मन असा नाही. जे योग्य ती दक्षता व काळजी न घेता केले ते सद्भावाने केले असे मानले जात नाही. म्हणजे दिवाणी न्यायालयात बेपर्वाई नसली तर आपण सुटू शकता आणि फौजदारी न्यायालयात साधी काळजी कमी पडली तरी अडकू शकता. बलवान माणसाला तुरुंगाचा धाक असलेला दरवाजा अधिक सोपा पडावा, हे मला उलटे वाटते. पण कायदा आज असा आहे आणि सल्ला त्यावरच द्यायला हवा.

भावाविषयीच्या विधानावर मी फार वेळ घालवत नाही, कारण ते ‘त्यापलीकडे नाही’ या दोन शब्दांवरच आपटते. घराच्या वाटणीचा निधीच्या हिशेबाशी संबंध नाही. चारित्र्य सार्वजनिक वर्तनातून जेवढे दिसते तेवढेच आपल्याला बोलता येते, आणि आपण घरातून उचलून ते कार्यालयात आणले आहे. राजगोपाल निवाड्यातही असे म्हटले आहे की, कर्तव्याशी संबंध नसलेल्या बाबतीत अधिकाऱ्याला इतर नागरिकांइतकेच संरक्षण आहे. ‘पण ते खरे आहे’ असे आपण म्हणाल. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव असतो, मात्र सिद्ध आपल्याला करायचे असते. फौजदारी बाजूला सत्याच्या जोडीला लोकहितही दाखवावे लागते. आणि कुटुंबासारख्या खासगी बाबी संमतीशिवाय छापणे हा, मजकूर खरा असला तरी, गोपनीयतेचा भंग होऊ शकतो. भावांच्या वादाचा न्यायालयीन निकाल झाला असेल आणि आपण तोच, रंग न चढवता सांगितला असता, तर गोष्ट वेगळी होती, कारण न्यायालयीन कामकाजाच्या खऱ्या वृत्ताला आणि जाहीर दप्तरातल्या माहितीला कायद्यात वेगळी जागा आहे. आपण मात्र ‘शेजाऱ्यांनी सांगितले’ असे कळवता. अमेरिकेसारख्या मोकळ्या देशातही ‘टाइम’ साप्ताहिकाने फायरस्टोन घराण्यातल्या घटस्फोटाचे कारण चुकीचे छापले, तेव्हा खटला गाजत होता आणि घटस्फोटातल्या पत्नी पत्रकार परिषदाही घेत होत्या, तरी न्यायालयाने १९७६ मध्ये त्यांना सार्वजनिक व्यक्ती मानले नाही. लोकांना चघळायला आवडते म्हणून घरातला तंटा सार्वजनिक प्रश्न होत नाही.

आता लिपिक. रेघ त्याच्या आयुष्यातूनही जाते असे मी म्हटले, म्हणजे संस्थेच्या वह्या तो कसा लिहितो याविषयी आपण मत देऊ शकला असता: नोंदी उशिरा होतात, पावत्या जोडलेल्या नाहीत, वगैरे, जर अहवालात तसे असते तर. परंतु ‘व्यवहारात हात आहे’ हे मत नाही. ते एका घडलेल्या गोष्टीचे विधान आहे, आणि ती गोष्ट गुन्ह्याची आहे. तिचा आधार म्हणून आपल्यापाशी सभासदांची चर्चा आहे. ‘अशी चर्चा आहे’ या शब्दांनी लेखकाचे अंग सुटते हा समज आपल्या व्यवसायात फार जुना आहे आणि तितकाच चुकीचा आहे. दुसऱ्याचे बोलणे छापणारा माणूस न्यायालयात त्या बोलण्याच्या खरेपणाचा जामीन असतो. सभासद बोलले हे सिद्ध करून भागत नाही, ते बोलले ते खरे होते हे सिद्ध करावे लागते. लेखी बदनामीत नुकसान झाले हे लिपिकाला वेगळे दाखवायचीही सहसा गरज नसते, ते गृहीत धरले जाते. राजगोपाल निवाड्याची ढाल त्याच्याविरुद्ध मिळणार नाही. अहवालात त्याचे नाव नाही, हे मी दोनदा वाचून पाहिले. आणि आपण त्याला छापण्यापूर्वी विचारलेही नव्हते. अध्यक्षांना निदान काही विचारल्याचे तरी लेख सुचवतो.

त्याच्या पत्रात भरपाईचा शब्द नाही. आपल्या मुलीच्या शाळेत लोकांनी तिला विचारले, एवढेच त्याने लिहिले आहे. उत्तर द्यायला याहून निकडीचे कारण मला सुचत नाही.

तेव्हा कृतीचा क्रम असा ठेवा. लिपिकाविषयीचे विधान पुढच्याच अंकात, लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, स्पष्ट शब्दांत मागे घ्या. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ अशा वाक्याने त्याची अब्रू परत येत नाही आणि आपलीही जात नाही एवढेच होते. मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक तारखेच्या अंकातील लेखात ग्रंथालयाचे लिपिक इमारत निधीच्या व्यवहारात सामील असल्याची चर्चा असल्याचे छापले होते. लेखापरीक्षकाच्या अहवालात त्यांच्याविरुद्ध काहीही नाही आणि आमच्याजवळ तसा कोणताही पुरावा नाही. ते विधान आम्ही मागे घेतो व त्याबद्दल त्यांची माफी मागतो.’ नाव पहिल्या वेळी छापले होते, म्हणून माफीत ते छापायचे की नाही हे त्यालाच विचारा. काहींना ते हवे असते, काहींना पुन्हा नाव निघायलाच नको असते. अशा माफीने कायदेशीर जबाबदारी पूर्ण संपत नाही, पण भरपाईचा आकडा खाली येतो आणि पुष्कळदा दावाच उभा राहत नाही. लेख संकेतस्थळावर असेल तर तिथले वाक्यही काढा आणि काढल्याची नोंद खाली ठेवा.

भावाविषयीचे वाक्य त्याच अंकात, ‘हा उल्लेख विषयाला सोडून होता, तो आम्ही मागे घेतो’ एवढ्या शब्दांत मागे घ्यावे असे माझे मत आहे. तो मसुदा मात्र वकिलांच्या नजरेखालून जाऊ द्या, कारण नोटीस देणारे त्याचा अर्थ संपूर्ण लेख मागे घेतला असा लावू पाहतील. निधीविषयीचे विधान मागे घेऊ नका. अध्यक्षांना त्यांचा खुलासा तेवढ्याच जागेत छापण्याची तयारी लेखी कळवा, आणि तो आला तर शेरा न मारता छापा. शीर्षकाची बाजू मात्र लढवत बसू नका.

नोटिशीला उत्तर वकिलांमार्फत मुदतीत द्या, आणि ती पाक्षिकात छापून तिची खिल्ली उडवण्याचा जो विचार आपण मसुद्यासोबत कळवला आहे तो सोडून द्या; प्रत्येक पुनर्मुद्रण हे नवे प्रकाशन धरले जाऊ शकते. पोलीस अटक करतील हा निरोप धाकापुरता आहे. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा, आणि जामीनपात्र आहे. दुखावलेल्या व्यक्तीला स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागते, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा आता समाजसेवा अशी आहे. दिवाणी दाव्याला मुदत कायद्यानुसार प्रसिद्धीपासून एक वर्ष मिळते. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे. तेवढा काळ अहवालाची प्रत, टिपणे, ई-मेल आणि लेखाचे कच्चे मसुदे एका फाईलमध्ये जपून ठेवा, आणि मसुद्यांत आज एकही दुरुस्ती करू नका.

लिपिकाला उत्तर पाठवण्यासाठी वकिलांच्या वेळेची वाट पाहू नका. माफीचा मसुदा सोबत जोडून, छापण्यापूर्वी तो त्याला वाचायला मिळेल अशा बेताने, या आठवड्यात पाठवा. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या.